किती पर्सेंट लागतात?

मागच्या मे महिन्यात, बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात, एका गृहस्थांचा फोन आला. ओळखीच्यांच्या ओळखीचे, राहायला नागपुरातच, मानेवाड्याकडे. जेवण झालं का, ऊन काय पेटलंय, कूलरला पाणी पुरतं का, हे सगळं रीतसर झाल्यावर ते मुद्द्यावर आले.

"मॅडम, पोरगा म्हणून राहिला, त्याला सर्व्हायवल इन्स्ट्रक्टर व्हायचं आहे. ते जंगलातलं. तुम्ही त्याच लाइनमध्ये आहात म्हणे. तर त्याला किती पर्सेंट लागतात?"

हसू आलं होतं, पण हसले नाही. ज्या शहरात चौकाचौकातल्या होर्डिंगवर नीट आणि जेईईच्या टॉपरांचे चेहरे दात दाखवत असतात, तिथे बापाने दुसरं काय विचारावं? पुढचे प्रश्नही त्याच चालीवरचे होते. कॉलेज कुठे आहे, सीट किती, कोर्स किती वर्षांचा, बाहेर पडल्यावर पॅकेज काय. मी म्हटलं, "भाऊ, रविवारी पोराला पाठवा, मग बोलू."

फोन ठेवला आणि कपाटातून माझी फाइल काढली. निळ्या प्लास्टिकची, चेन तुटलेली. अठरा-वीस वर्षांत या कामासाठी जमवलेले सगळे कागद तिच्यात आहेत. त्यातल्या दोन कागदांची मुदत संपली आहे. एकावर चहा सांडलेला आहे. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात जुना, 'बी' ग्रेडचा कागद आहे.

त्या 'बी'ची गोष्ट आधी सांगते.

चोवीस वर्षांची होते, एका शाळेत विज्ञान शिकवायचे. बिनपगारी रजा टाकून हिमालयातल्या एका संस्थेत बेसिक कोर्सला गेले. आईने नातेवाइकांत 'सरकारी ट्रेनिंगला गेली आहे' असं सांगून ठेवलं होतं, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. जवळजवळ चार आठवड्यांचा कोर्स. पाठीवर वीस किलोच्या आसपास सॅक, पहाटे धावणं, कड्यावर चढाई, मग हिमनदीवर मुक्काम. आमच्या दोराला सहा मुली होत्या. वरच्या कॅम्पवर दोघी ओकत होत्या, एक रडत होती. मी मात्र खंबीर. निदान दिसत तरी होते. डोकं असं ठणकत होतं की डाव्या डोळ्याने नीट दिसेना. पण नागपूरची मुलगी, पंचेचाळीस डिग्रीत सायकल चालवणारी, थंडीपुढे नमते की काय! दोन दिवस कोणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी साध्या उतारावर तोल गेला. दोर होता म्हणून मी थांबले, आणि माझ्यामुळे मागची मुलगी आपटली. तिचा गुडघा सुजला, तिचा कोर्स तिथेच संपला.

शेवटच्या दिवशी आमचे उस्ताद म्हणाले, "बीमार पड़ना गलती नहीं है, बेटा. बताया नहीं, वो गलती है." ग्रेड 'बी'. पुढच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सला 'ए' लागतो, त्यामुळे माझी ती शिडी पहिल्याच पायरीवर थांबली. तेव्हा फार राग आला होता. आता त्या कागदाइतका खरा कागद फाइलमध्ये दुसरा नाही असं वाटतं. पण हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं एक संकट टळलं असतं. ते पुढे येईलच.

तर, पर्सेंट. भारतात या कामाचं एकच एक लायसन्स नाही. डॉक्टरला असतं, वकिलाला असतं, ऑटो चालवायलाही बॅज लागतो. माणसांना रानात नेऊन 'अडकलात तर काय कराल' हे शिकवणाऱ्याला मात्र महिन्याच्या किराण्यासारखं चार दुकानांतून सामान आणावं लागतं.

पहिलं दुकान गिर्यारोहण संस्थांचं. १९५३ साली एव्हरेस्ट सर झालं आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगची संस्था उभी राहिली. तेनझिंग नोर्गे तिथले क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक. उत्तरकाशीची नेहरू संस्था १९६५ची. मनाली, पहलगाम आणि अरुणाचलात दिरांगलाही अशा संस्था आहेत. क्रम साधारण असा: बेसिक, मग अ‍ॅडव्हान्स, मग शोध आणि बचावाचा कोर्स, आणि 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन', म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. फी बाहेरच्या मानाने कमी, शिस्त फौजी, आणि जागा भरभर भरतात. या शेवटच्या कोर्सला गेलेला माझा एक मित्र सांगतो की पहिल्याच दिवशी त्याला एक साधी गाठ दिली आणि 'दहा मिनिटांत शिकव' म्हणाले. गाठ तो झोपेतसुद्धा मारायचा. तोंडाने मात्र 'हे इकडून घ्या, नाही, तिकडून, थांबा' याच्या पलीकडे काही निघेना. हाताला येतं ते तोंडाला येतंच असं नाही, हे त्याला तिसाव्या वर्षी, पंचवीस लोकांसमोर घाम पुसताना कळलं.

पण यात एक गंमत आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर. बर्फात घसरताना आइस अ‍ॅक्स कशी रोवायची हे मला येतं; पेंचच्या जंगलातल्या नाल्यात ती कुठे रोवू? हिमालय शिस्त देतो, दोर देतो, थंडी कशी मारते ते दाखवतो. ऊन कसं मारतं हे शिकवायची सोय तिथे नाही.

परदेशात फक्त याच विषयाच्या शाळा आहेत. अमेरिकेत युटामध्ये १९६८पासून चालणारी एक शाळा आहे, तिथे लोक चाकू, घोंगडी आणि पॉन्चो एवढ्यावर वाळवंटात दिवस काढतात. वायोमिंगमध्ये पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने १९६५ साली 'नोल्स' ही संस्था काढली. हा माणूस १९३८च्या के-टू मोहिमेत होता. हिकमती शिकवण्यापेक्षा त्याचा भर निर्णयावर आणि ज्याला तो 'एक्स्पिडिशन बिहेवियर' म्हणायचा त्यावर असे. म्हणजे तंबूत चार माणसं आठ दिवस भिजलेली असताना तुम्ही कसे वागता ते. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही, पण त्याने त्याचा अभ्यासक्रम केला हे विशेष. फौजेकडेही मोठं ज्ञान आहे. मिझोराममध्ये वैरेंगटेला लष्कराची जंगलयुद्धाची शाळा आहे. पण ते दार तुमच्या-माझ्यासाठी नाही.

आणि घराजवळचं? ते आपल्याला दिसतच नाही. सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय होतं, १९५७ साली आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी संस्था म्हणून सुरू झालेलं; आता ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत सामावलं आहे. अग्निशमन सेवेचं राष्ट्रीय महाविद्यालयही याच गावात आहे. आग, पूर, पडझड यांतून माणूस बाहेर कसा काढायचा हे शिकायला देशभरातून लोक नागपूरला येतात, आणि नागपूरची पोरं विचारतात, हे शिकायला कुठे जावं लागतं हो?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं दुकान रानातल्या वैद्यकाचं. 'वाइल्डरनेस फर्स्ट एड' हा साधारण सोळा तासांचा, दोन दिवसांचा कोर्स. आणि 'वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर' हा सत्तर-ऐंशी तासांचा, आठ-दहा दिवसांचा. भारतात मसुरीच्या हॅनिफल सेंटरला हे होतात. शहरातलं प्रथमोपचार अँब्युलन्स येईपर्यंतचं असतं. इथे गृहीतच असतं की अँब्युलन्स येणार नाही, रात्र तुम्हालाच काढायची आहे. दिवसभर कोणी ना कोणी खोट्या रक्तात माखून झुडपात कण्हत पडलेलं असतं आणि तुम्हाला ठरावीक क्रमाने जायचं असतं. आधी जागा सुरक्षित आहे का, मग श्वास, मग रक्त, मग डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून तपासणी, मग दर थोड्या वेळाने नाडी, श्वास, शुद्ध, कातडीचा रंग. आणि सगळं वेळ टाकून कागदावर. लिहिण्यावर फार जोर. पहिल्या दिवशी मला तो कारकुनीपणा वाटला. पण एकदा घेतलेली नाडी म्हणजे नुसता आकडा; तीन वेळा घेतली की माणूस सुधारतोय का ढासळतोय ते कळतं.

या कागदाची आणखी एक गोष्ट मला आवडते. दोन-तीन वर्षांनी तो मरतो. पुन्हा जायचं, पुन्हा झुडपात कण्हणाऱ्याला तपासायचं. आपल्याकडे एकदा मिळालेली डिग्री फ्रेम करून दिवाणखान्यात टांगतात आणि ती माणसाच्या आधी कधी संपत नाही. हा कागद सांगतो की बाई, तू विसरली असशील.

आता मामांबद्दल.

पेंचच्या बफरला, म्हणजे वाघांच्या मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्याला, लागून एक गाव आहे. तिथल्या एका खासगी शेतावर आमची शिबिरं व्हायची, आणि स्वयंपाकापासून वाट दाखवण्यापर्यंत सगळं मामा बघायचे. वय साठीच्या पुढे, घरी गोंडी बोलणार, आमच्याशी झाडीपट्टी-वऱ्हाडी मिसळलेली मराठी. मामांकडे एकही कागद नाही. आधार कार्ड आहे, त्यावरची जन्मतारीख १ जानेवारी आहे.

एकदा पश्चिम महाराष्ट्रातून एक तरुण प्रशिक्षक आला होता. तयारीचा, परदेशात शिकलेला, चाकू असा चालवायचा की बघत राहावं. निवारा कसा बांधायचा हे दाखवायला त्याने बांधावरच्या एका झाडाच्या फांद्या सपासप तोडल्या, साली सोलल्या. झाड बिब्ब्याचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात आणि पापण्या अशा सुजल्या की घास तोंडापर्यंत जाईना. अंगावर बिब्बा उतणं काय असतं हे विदर्भातल्या कोणत्याही आजीला विचारा. मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही तिथेच उभे होता ना? सांगितलं का नाही?"

"मले वाटलं, साहेबाले माहीत असन."

हे वाक्य मी तेव्हापासून बाळगून आहे. ज्याच्याकडे कागद आहे त्याला सगळं माहीत असणार, हे मामांनी धरलं होतं. आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याला विचारायचं काय, हे त्या तरुणाने. दोघंही सभ्य होते. त्या सभ्यतेत एकाचे डोळे सुजले.

पण मामांचं कौतुक करून मोकळं होणंही सोपं आहे, ते मला करायचं नाही. शहरातून रानात गेलेल्यांना तो मोह फार होतो. मामा उत्तम जाणकार, पण शिकवणारे नव्हते. कोरड्या नाल्यात ते बरोबर ठिकाणी झिरा खणायचे आणि हातभर खाली ओल लागायची. मुलं विचारायची, इथेच का? मामा म्हणायचे, "इथंच असते." झालं व्याख्यान. मग मी मुलांना नाल्याचं वळण दाखवायचे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पावसाळ्यात पाण्याचा जोर जास्त, तिथे पात्र खोल खरवडलं जातं, आणि सगळं आटल्यावरही वाळूखाली तिथे थोडं उरतं. मामा ऐकून मान डोलवायचे, जणू मी त्यांच्याच घरातली एखादी वस्तू त्यांना पुन्हा दाखवतेय. आम्ही दोघं मिळून एक बरा मास्तर होत होतो. सुट्टे सुट्टे दोघेही अपुरे.

विस्तवाचंही असंच. मामांच्या आजोबांकडे चकमक होती, ठिणगी धरायला सावरीचा कापूस. मी ती लाकडावर लाकूड फिरवून विस्तव काढायची विद्या शिकायला गेले आणि तळहाताला फोड आणून परत आले. नुसता धूर निघायला मला अकरा दिवस लागले. पळसाच्या मुळाचा दोर मात्र लवकर जमला. मूळ ठेचायचं, धागे सुटतात, ते मांडीवर वळायचे. ठेचलेल्या टोकाचा घर रंगवायचा कुंचला गावात आजही करतात.

पण हे सगळं करायचं कुठे? टीव्हीवर तो गोरा माणूस कुठेही शेकोटी पेटवतो, फांद्या तोडतो, दिसेल ते भाजून खातो. आपल्याकडे राखीव जंगलात विस्तव पेटवणं हा १९२७च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. अभयारण्यात तर परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही, १९७२चा वन्यजीव कायदा आहे. आणि तसं असणंच बरोबर आहे. विदर्भात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवला तरी पुढे डोंगर जळतो, आणि वनमजूर उन्हात जाळरेषा, म्हणजे आग अडवायचे मोकळे पट्टे, काढत फिरतात. तिथे आपण हौसेचा विस्तव काढायचा? म्हणून माझा सगळा सराव कळमेश्वरच्या पुढे मावसभावाच्या वावरात झाला, संत्र्याच्या बागेशेजारी, पाण्याची बादली बाजूला ठेवून. वहिनी धुऱ्यावरून बघायची आणि म्हणायची, "ताई, माचिस देऊ का?"

जो पोरगा या लाइनमध्ये येईल त्याला कायदा शिकावा लागेल, जमीनमालकाची लेखी परवानगी घ्यावी लागेल, पालकांचे फॉर्म भरून घ्यावे लागतील, विमा, दवाखान्याचे नंबर, गाडीत डिझेल. २०२१ साली राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, आणि साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचा मार्ग आखून दिला गेला. निम्मं काम कागदांचं आहे. उरलेल्या निम्म्यातलं निम्मं बटाटे आणि गॅस सिलेंडरचं.

पैशांचं विचाराल, तर पहिल्या वर्षी मला दिवसाचे सहाशे मिळत. आता त्यापेक्षा बरे मिळतात. काम वर्षात चार-पाच महिनेच. म्हणून मी शाळा सोडली नाही, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची दुसरी काहीतरी दुकानदारी आहेच. पॅकेजच्या प्रश्नाला इतकंच उत्तर.

हंगामाची अडचण बघा. हिवाळा इथे रानात राहायला उत्तम, पण तेव्हा मुलांच्या परीक्षा. मुलं मोकळी होतात एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा विदर्भ म्हणजे भट्टी. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागायच्या कितीतरी आधीच माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून फिरायला लागतात. शहाण्या माणसाने तेव्हा शिबिर घेऊ नये. एका वर्षी आम्ही घेतलं.

एप्रिलचा तिसरा आठवडा. बावीस मुलं, मामांच्याच गावचं शेत. सगळं सकाळी साडेदहाच्या आत उरकायचं ठरवलं होतं. मी पहाटे चारला उठलेली, दोन कप चहा पोटात. सव्वादहाला निवाऱ्याचा तास चालू होता, मोहाच्या झाडाखाली. पारा अजून चाळिशीच्या खालीच असावा. मी गाठी तपासत होते, कोणाची सैल, कोणाची उलटी. तेरा वर्षांचा एक मुलगा कडेला बसून एकच गाठ मारत होता आणि सोडत होता, मारत होता आणि सोडत होता. मी त्याच्या बाजूने दोनदा गेले. दुसऱ्यांदा तर 'शाब्बास' म्हणाले.

मामा चुलीवरून उठून आले. "मॅडम, थे पोरगं पाहा. उगाच हासून राह्यलं."

मी त्याला नाव विचारलं. त्याने शाळेचं नाव सांगितलं. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. घाम होता, कपाळावर थेंब होते. मला शिकवलेलं होतं की उष्माघातात घाम थांबतोच असं नाही, खूण बघायची ती डोक्याची: माणूस बरळतो, चिडतो, हसतो. शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. फाइलमधला तो कागद त्या दिवशी मुदतीत होता. आणि मी 'शाब्बास' म्हणून पुढे गेले होते.

नंतरचं हातांना आठवत होतं, तेवढं मात्र कागदाचं देणं. आधी गार करा, मग हलवा. शर्ट काढला, बोअरची मोटर चालू करून पाइप त्याच्या अंगावर धरला, ओले दुपट्टे मानेवर, काखेत, जांघेत. शुद्ध नीट नाही म्हणून तोंडात पाणी ओतायचं नाही, हे तीनदा ओरडून सांगावं लागलं, कारण जो तो ग्लास घेऊन धावत होता. मामांनी घरातून सूप आणलं आणि वारा घालायला बसले. हात इतका सारखा चालत होता की जणू ज्वारी पाखडतायत. पंधरा-वीस मिनिटांत पोराने आईचं नाव घेतलं, मग स्वतःचं. ओल्या चादरीत गुंडाळून, बोलेरोच्या काचा उघड्या ठेवून त्याला दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. संध्याकाळी तो बिस्किटं मागत होता. त्याच्या वडिलांना मीच फोन केला, आणि जे झालं ते क्रमाने, 'शाब्बास'सकट सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे, येतो आम्ही."

रात्री शेतावर परत आले तेव्हा मामा चुलीपाशीच होते. मला बघून उठले, माठातून तांब्या भरून आणला.

"तुमी पानी कवा पेल्या, मॅडम?"

मी आठवून बघितलं. पहाटेपासून रात्री आठपर्यंत, दोन कप चहा आणि दवाखान्याबाहेर पुन्हा एक कप. पाणी नाही. बावीस मुलांना दर अर्ध्या तासाने 'पाणी प्या' ओरडणारी मी. सव्वादहाला माझं स्वतःचंच डोकं जड होतं, हे तेव्हा लक्षात आलं; त्या पोरासमोरून दोनदा गेले तेव्हा मला ऊन जरा पिवळं दिसत होतं. मी ते कोणाला बोलले नव्हते. हिमनदीवरचं दुखणारं डोकं इतकी वर्षं माझ्याबरोबर फिरत होतं, फक्त थंडीच्या जागी ऊन आलं होतं.

त्यानंतर दोन वर्षं मी शिबिर घेतलं नाही. मग पुन्हा सुरू केलं, फक्त डिसेंबर-जानेवारीत, आणि कोण किती पाणी प्यायलं त्याच्या तक्त्यावर मुलांच्या आधी आमची नावं. मामांचं पहिलं. ते त्यांना अजूनही हास्यास्पद वाटतं.

रविवारी तो पोरगा आला. बाप गाडीतच बसून राहिला, एसी लावून. पोरगा अठरा वर्षांचा, किडकिडीत, मनगटाला दोराचं विणलेलं कडं, कमरेला ऑनलाइन मागवलेला विस्तव काढायचा पोलादी तुकडा. सापांची माहिती पाठ: नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि चावल्यावर काय करू नये तेही बरोबर सांगितलं. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हालचाल कमी, सरळ दवाखाना. पोरगा हुशार होता. मी त्याला संस्थांची नावं लिहून दिली, कोणता कोर्स आधी, कोणता मग. वाइल्डरनेस फर्स्ट एड आधी कर म्हटलं, डोंगर नंतर. मग एक वही दिली.

"घरात लहान भावंडं किती?"

"चुलत-मावस धरून पाच."

"पाचही घेऊन सकाळी सहाला सेमिनरी हिल्सला जा, आठला परत. दर अर्ध्या तासाने लिही: पाणी कोण किती प्यायलं, लघवीला कोण गेलं, कोण बोलायचं थांबलं. चार रविवार."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं होतं मी चाकू बघेन.

पाचव्या रविवारी तो वही घेऊन आला. पावसाची पहिली सर येऊन गेली होती, हवेत चिकटा. वहीचे कोपरे दुमडलेले, एका पानावर उसाच्या रसाचा गोल डाग. मी वाचायला बसले. '६:४० लहानी पाणी नाही म्हणते. बाटली लाल आहे, तिला निळी पाहिजे.' '७:१० दादू गप्प. विचारलं तर म्हणतो काही नाही. बूट काढून बघितला, टाचेला फोड.' '७:३० लहानी निळ्या बाटलीतून अर्धी बाटली प्यायली.' तिसऱ्या रविवारी त्यांनी टेकडी अर्ध्यातच सोडली होती, का ते एका ओळीत लिहिलं होतं: 'मोठीचं पोट दुखून राहिलं, ती सांगत नव्हती, चालण्यावरून कळलं.' ही ओळ मी दोनदा वाचली. चोवीस वर्षांची असताना माझ्या दोरावर असं बघणारं कोणी असतं तर, असं मनात आलंच.

मग मी पानं उलटून प्रत्येक तक्त्याचा पहिला उभा रकाना बघितला. चारही रविवारी पाच नावं होती.

"आणि तू?"

"मी काय?"

"तू किती प्यायलास?"

त्याने वही माझ्या हातातून घेतली, पहिल्या पानापासून बघत गेला. शेवटच्या पानावर थांबला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात वडील दारात आले होते, चप्पल काढावी की नाही अशा बेतात उभे. "मग मॅडम," ते म्हणाले, "जमते का याला?"

आत माठावरच्या झाकणाचा आवाज झाला. पोरगा उभ्यानेच दुसरा पेला पीत होता.